दिवाळीची पिशवी आणि विम्याचा नंबर: कुपवाडच्या एका मदत फंडाचं प्रकरण

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. ओतकाम, फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं), मशीन शॉप. पंपांचे सुटे भाग तयार होऊन कोल्हापूर-पुण्याकडे जातात. कायम कामगार ९६, ठेकेदाराची माणसं साठच्या आसपास. इथे दर दिवाळीला कामगारांच्या पैशातून अडचणीतल्या कुटुंबांना किराणा वाटला जायचा. २०२३ च्या वाटपात एक म्हातारा पिशवी न घेता भलतंच काहीतरी मागून बसला, आणि तिथून पुढे त्या फंडाचं सगळंच बदलत गेलं.

एक खुलासा आधीच करतो. कारखाना, माणसं आणि फंडाचे आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत, तेव्हा कुठल्या गेटवर चौकशी करू नये. कायदे, योजना आणि त्यांच्या रकमा मात्र खऱ्या आहेत, त्या काळात लागू होत्या तशाच दिल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार कायद्यांची जागा नव्या संहितांनी घेतली. हे प्रकरण त्याआधीचं आहे.

पुरात लागलेली सवय

फंडाचा जन्म ऑगस्ट २०१९ चा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसंही घर सोडायला उशीर करून बसली, कारण त्यांच्या मनातली खूण २००५ ची होती. सांगलीवाडी, गावभाग, मारुती चौक, हरिपूर सगळं पाण्यात. कुपवाड उंचावर, त्यामुळे कारखाना कोरडा राहिला, पण कामावर येणार कोण? ज्यांची घरं कोरडी होती त्यांनी कॅन्टीनमध्ये तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे पिशव्यांत भरले आणि मिळेल त्या वाहनाने पोचवले.

तेव्हा पिशवी हेच बरोबर उत्तर होतं. दुकानं बंद, एटीएम बंद, घरातला गॅस पाण्याखाली. हातात पाचशेची नोट असून तिचा उपयोग नव्हता. पिशव्या देणाऱ्यांनी तेव्हा जे केलं त्याबद्दल मला काहीही वावगं म्हणायचं नाही.

पूर ओसरला, पिशवी मात्र राहिली. पुढच्या वर्षीपासून दिवाळीच्या आधी ऑक्टोबरच्या पगारातून प्रत्येक कायम कामगाराचा एक दिवसाचा पगार कापला जाऊ लागला. साधारण ५८ हजार जमायचे. चाळीस पिशव्या, प्रत्येकी अकराशे-साडेअकराशेच्या: रवा, मैदा, साखर, डालडा, पोहे, उटणं, एक पणत्यांचा बॉक्स. उरलेल्यातून मांडव, बॅनर, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, चहा. कॅन्टीनमध्ये माईकवरून नाव पुकारायचं, माणूस पुढे यायचा, पिशवी दोघांच्या हातात असताना फोटो.

चाळीस नावं कशी निघायची? सुपरवायझर सांगतील ती. कुणाच्या घरी धुणीभांडी करणारी बाई, कुणाच्या गल्लीतला भाजीवाला, कुणाच्या गावची म्हातारी. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण सुपरवायझर राहतात विश्रामबागेत, मिरजेत. त्यांच्या ओळखीचा गरीब हाच यादीतला गरीब. कारखान्याच्या आत, फेटलिंगच्या धुळीत तोंडाला फडकं बांधून उभी असलेली ठेकेदाराची माणसं त्या यादीत चार वर्षांत एकदाही आली नव्हती. ती कापणीतही नव्हती, वाटणीतही नव्हती.

सप्टेंबरमधला अपघात

फेटलिंगमधला एक हेल्पर, वय तिशीच्या आतबाहेर, ठेकेदाराकडे सलग तीन वर्षं. राहायला तासगाव रस्त्याला, कवलापूरच्या पलीकडे. तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७. सप्टेंबर २०२३ मध्ये एका सकाळी पाळी सुटल्यावर घरी जाताना त्याच्या मोटारसायकलला टेम्पोने उडवलं. टेम्पो थांबला नाही, नंबरही कुणी टिपला नाही. घरी बायको, चौथीतली मुलगी, अंगणवाडीत जाणारा मुलगा आणि वडील. आई आधीच गेलेली. वडिलांचं अर्धा एकर कोरडवाहू, तेही पाऊस पडला तर.

कारखान्यातून चारपाच जण तेराव्याला गेले. फंडातून नव्हे, हाताहातांतून गोळा केलेल्या ११ हजारांचं पाकीट वडिलांच्या हातात दिलं. घरात वडीलधारा तोच, तेव्हा त्याच्याच हातात देणार. आणि त्या वर्षी चाळीसच्या यादीत एक्केचाळिसावं नाव घातलं गेलं, या घराचं.

इथे कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी: ज्या घरात माणूस गेला आहे तिथे वर्षभर सण नसतो. पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे, भावकीतले आणून देतात. त्या घराला रवा-मैदा-डालडा आणि उटणं देणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पिशव्या घाऊक भरल्या जात होत्या आणि घाऊक मालात कुणाचं सुतक दिसत नाही.

सून आली नाही. वडील आले, त्यांना सगळे आबा म्हणतात. नाव पुकारल्यावर ते उठले, पिशवीला हात लावला नाही आणि टाईम ऑफिसच्या क्लार्ककडे वळून म्हणाले, "पिशवी ऱ्हाऊ द्या सायब, आमच्यात औंदा सण न्हाई. पोराचा त्यो विम्याचा नंबर तेवढा लिवून द्या."

गावातल्या, सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की कारखान्यात ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापत असतील, तर त्याचा नंबर मागून घ्या. नंबर मिळाल्यावर काय करायचं हे त्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

"आबा, बसा. चहा घ्या. बघतो मी," क्लार्क म्हणाला. वाटप पुढे सुरू झालं.

नंबराच्या मागे काय होतं

क्लार्कने खरंच बघितलं, म्हणून हे प्रकरण घडलं. ठेकेदाराच्या माणसांचं मस्टर कारखान्यात असतं, पण ईएसआय आणि पीएफची चलनं ठेकेदाराकडे. त्याने फोन लावला. ठेकेदाराने नंबर दिला. पैसे तो नियमाने भरत होता, हे त्याच्या बाजूचं. पण अपघाताचा अहवाल ईएसआयकडे गेलेलाच नव्हता. का, तर त्याचं म्हणणं, "पोरगं रस्त्यावर गेलं, गेटच्या आत नाही. त्याचा ईएसआयशी काय संबंध?"

संबंध होता. ईएसआय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम ५१ ई आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर, कामातलाच अपघात धरला जातो. इथे पंचिंग मशीनवर सकाळी सात वाजून काही मिनिटांची नोंद होती, पोलिसांच्या पंचनाम्यात साडेसातच्या पुढची वेळ, आणि जागा घराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. यापेक्षा सरळ धागा असू शकत नाही. पण तो कुणीतरी कागदावर मांडायला हवा होता, आणि दोन महिने तो कुणीच मांडला नव्हता.

कामातला मृत्यू ठरला की आश्रितांना मासिक लाभ मिळतो. पूर्ण दर म्हणजे सरासरी रोजाच्या ९० टक्के. त्यात विधवेचा वाटा तीन-पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन-पंचमांश. बेरीज एकाच्या वर गेली तर त्याच प्रमाणात सगळ्यांचे वाटे खाली येतात. म्हणजे या घरात सात भाग, तीन आईचे आणि दोन-दोन मुलांचे. रोजाची सरासरी ४५० रुपये धरली तर पूर्ण दर दिवसाला ४०५, महिन्याला १२ हजारांच्या पुढे. विधवेला पुनर्विवाहापर्यंत किंवा हयातभर, मुलाला २५ वर्षांपर्यंत, मुलीला लग्न होईपर्यंत. शिवाय अंत्यविधीच्या खर्चापोटी १५ हजार वेगळे.

दुसरी बाजू पीएफची. खात्यावर सत्तरेक हजार जमा होते. पण त्याच खात्याला जोडलेला ईडीएलआय विमा असतो, ज्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही, हप्ता मालक भरतो. म्हणूनच तो कुणाला माहीत नसतो. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, अधिक खात्यातल्या सरासरी शिलकीच्या निम्मे. कमाल ७ लाख. पीएफचा पगार १२ हजार होता, म्हणजे ४ लाख २० हजार आणि वर तीसेक हजार. विधवेचं आणि मुलांचं पेन्शन निराळं, त्यात विधवेची किमान रक्कम महिना १,०००. फॉर्म २०, १०डी आणि ५आयएफ: तीन कागद.

आणि टेम्पो सापडला नाही, म्हणून २०२२ च्या 'हिट अँड रन' योजनेखाली मृत्यूसाठी २ लाखांचा अर्ज महसूल खात्याकडे करता येत होता.

आता एका बाजूला हे सगळं मांडा आणि दुसऱ्या बाजूला साडेअकराशेची पिशवी. ११ हजारांचं पाकीट प्रेमाने दिलेलं होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्या घराचे लाखो रुपये कारखान्याच्याच टाईम ऑफिसातून निघणाऱ्या चार कागदांवर अडले होते, आणि कारखाना मैदा देत होता.

देणं कुणाच्या हातात

दिवाळीनंतरच्या आठवड्यात फंडाचं काम पाहणारे सात जण बसले. मालकही आले. पहिला प्रश्न पैशांचा: हे सगळं मिळायला किती महिने लागतील? क्लार्कचा अंदाज पीएफला चार महिने आणि ईएसआयला त्याहून जास्त, कारण शाखा कार्यालय चौकशी करणार, रस्त्यावरच्या अपघातात ती होतेच.

तोपर्यंत ते घर काय खाणार? माहिती काढायला दोघं गेले, त्यात पॅकिंग विभागातली एक बाई मुद्दाम. पुरुष गेले असते तर ओट्यावर आबांशी बोलून परत आले असते. ती बाई आत चुलीपाशी बसली, तेव्हा कळलं की अंत्यविधी आणि तेराव्यासाठी ३० हजार शेकडा पाचने उचललेत. शेकडा पाच महिन्याला, वर्षाला नव्हे. महिना दीड हजार नुसतं व्याज. ११ हजारांचं पाकीट व्याजात आणि किराण्याच्या उधारीत विरघळलं होतं.

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा दीड हजार वाटतो. पाच लाख येणार असलेल्या घरालाही आज तांदूळ लागतात, आणि ते तांदूळ सावकाराच्या पैशाने आले तर पाच लाखांना आधीच गळती लागते. शंभर-शंभर रुपयांचा फंड कुणाचं दारिद्र्य हटवू शकत नाही. तेवढा पैसा त्यात कधी येणारच नाही. पण सरकारी पैसा यायला सहा महिने लागतात आणि फंडाचा पैसा चार दिवसांत जाऊ शकतो. सावकार आणि फंड, दोघांकडेही हाच एक गुण आहे. फरक फक्त व्याजाचा.

समितीत सगळ्यांना हे पटलं असं नाही. एकाचं म्हणणं, एकाच घरावर एवढं खर्च केलं तर बाकीच्या चाळीस घरांचं काय? प्रश्न रास्त होता आणि त्याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलं नाही. मालकांनी स्वतःचे २० हजार घातले, शिलकीत १२ हजार होते, त्यातून सावकार फेडायचं ठरलं.

सून म्हणाली, "फुकट नको. उसने द्या, पैसे आले की फेडते." समितीतल्या दोघांना वाईट वाटलं, आपण काय सावकार आहोत का म्हणून. पण पॅकिंगमधल्या बाईने ठणकावून सांगितलं की ती म्हणते तसंच करा. ३० हजार उसने, वहीत लिहून, बिनव्याजी. त्याशिवाय डिसेंबरपासून महिना ५ हजार, हे मात्र देणं, उसनं नव्हे.

आता खरी अडचण. हे ५ हजार कुणाच्या हातात? पाकीट आबांना दिलं होतं. यावेळी पैसे सुनेच्या जनधन खात्यात टाकायचं ठरलं, कारण ईएसआयचा पैसा येईल तोही तिच्याच खात्यात येणार आणि तिला बँकेची सवय व्हावी. आबांना हे लागलं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या वेळी क्लार्क गेला तेव्हा चहा आला नाही.

कागदांची वारी

या भागावर फार लिहिण्यासारखं नाही, पण वेळ सगळ्यात जास्त इथेच गेला. अपघाताचा उशिरा अहवाल, पंचनाम्याची प्रत, मस्टरचा उतारा, पंचिंगची नोंद, मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधारवरच्या नावात आणि पीएफच्या नावात एका वेलांटीचा फरक, तो दुरुस्त करण्याचं शपथपत्र. क्लार्कला या कामासाठी मालकांनी महिन्यातून दोन अर्धे दिवस पगारी सोडलं. फंडातून झेरॉक्स, नोटरी आणि एसटीचं भाडं गेलं, एकूण दोन हजारांच्या आत. माझ्या मते फंडाने केलेला हा सर्वांत फायद्याचा खर्च.

ठेकेदार आधी कुरकुरला. मग त्याला कुणीतरी दाखवून दिलं की ईएसआयच्या कलम ४० प्रमाणे ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते, त्यामुळे मालकांना यात रस आहे आणि ते मागे हटणार नाहीत. त्यानंतर सह्या भराभर झाल्या.

पीएफ आणि विम्याचे पैसे एप्रिल २०२४ मध्ये आले. पीएफला वारस नेमलेला नव्हता. असं असलं की पैसा कुटुंबीयांत समान वाटला जातो, आणि कुटुंबात बायको-मुलांबरोबर अवलंबून असलेले आई-वडीलही धरले जातात. चार वाटे झाले. साधारण ५ लाख २० हजारांतले १ लाख ३० हजार आबांच्या नावे. सुनेने त्याच आठवड्यात ३० हजार आणून दिले आणि वहीत स्वतःच्या हाताने 'फेड पूर्ण' असं लिहिलं.

ईएसआयचा मासिक लाभ ऑगस्टमध्ये मंजूर झाला, मृत्यूच्या तारखेपासूनच्या थकबाकीसह. फंडाचे ५ हजार तिथे थांबले. नऊ महिन्यांत ४५ हजार गेले होते, एका वर्षाच्या पिशव्यांएवढेच जवळपास. 'हिट अँड रन'चा अर्ज अजून फिरतो आहे.

कापणीचं काय झालं

या गडबडीत मशीन शॉपमधल्या एका टर्नरने सरळ विचारलं, "माझा एक दिवसाचा पगार कुणाला विचारून कापता?" त्याला कंजूष म्हणून हिणवलं गेलं. पण तो बरोबर होता. वेतन देयक कायदा १९३६ च्या कलम ७ मध्ये पगारातून काय कापता येतं याची यादीच आहे, आणि तेव्हा तो कायदा महिना २४ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू होता. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी कापता येतं, पण कामगाराच्या लेखी संमतीने. मालकाने किंवा युनियनने काढलेल्या कामगार कल्याण निधीसाठीही कापता येतं, पण लेखी संमती आणि वर राज्य सरकारची मान्यता, दोन्ही हवं. इथे दोन्हीपैकी काहीच नव्हतं. चार वर्षं जे दान म्हणून मिरवलं ते कायद्याच्या भाषेत बेकायदा कपात होतं.

कापणी बंद झाली. जानेवारी २०२४ पासून ज्याला वाटेल त्याने ५०, १०० किंवा २०० रुपये यूपीआयने नाहीतर टाईम ऑफिसात रोख, पावती घेऊन. ९६ पैकी ७१ जण आले. टर्नर पहिल्या दिवशीच आला, २०० घेऊन. आणि ठेकेदाराच्या माणसांना प्रथमच विचारलं गेलं. एकोणीस जण वीस-पन्नास रुपये देऊ लागले, त्यांचा एक माणूस समितीत बसला. महिन्याला ८ हजारांच्या आसपास जमतात. वर्षाचं गणित केलं तर जुन्या कापणीपेक्षा जास्तच.

मालकांनी ८० जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारी, पावती मिळेल का, असं विचारलं. नाही मिळणार, त्यासाठी नोंदणीकृत संस्था आणि आयकर खात्याची मंजुरी लागते, आणि नव्या करपद्धतीत राहणाऱ्याला ती वजावट तशीही नाही. सीएसआरमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्याने करावा लागणाऱ्या समाजकार्याच्या खर्चात, दाखवता येईल का? कारखाना त्या मर्यादेत बसतच नाही, आणि बसता तरी आपल्याच कामगारांच्या कुटुंबांवरचा खर्च सीएसआर धरला जात नाही. गेटबाहेर वर्गणी मागायची तर गणेश मंडळांसारखी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागेल, म्हणून ती मागायचीच नाही. तिघांच्या सहीचं एक साधं बचत खातं आणि दर महिन्याला हिशेबाचा कागद नोटीस बोर्डावर, एवढ्यावर भागतं. कुटुंबांची नावं त्या कागदावर नसतात.

पिशव्या पूर्ण बंद कराव्यात यावर मात्र एकमत झालं नाही. पिशव्या भरण्याची ती एक दुपार कामगारांना आवडायची. मोल्डिंगवाले आणि ऑफिसवाले एका टेबलाशी बसायचे, तेही वर्षातून एकदाच. २०२४ च्या दिवाळीत पंधरा पिशव्या भरल्या, माईक आणि बॅनर नाही, ज्याच्या गल्लीतली आहे त्याने घरी नेऊन दिली. त्याआधी एक प्रश्न विचारायचा नियम केला: या घरात यंदा सण आहे का?

एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या ऑडिटला समाजकार्याचे फोटो हवे होते, मॅनेजरसाहेब त्यावरून नाराज झाले. त्यांना पिशव्या भरतानाचे फोटो दिले. चेहरे देणाऱ्यांचेच.

बिलाला चिकटवलेली यादी

एक बदल फंडाचा नाही, मालकांचा आहे, आणि त्याला एक रुपया लागला नाही. ठेकेदाराचं महिन्याचं बिल पास करायचं तर सोबत ईएसआय-पीएफचं चलन आणि त्यातली नावनिशी यादी लावायची, आणि टाईम ऑफिसने ती मस्टरशी ताडून बघायची. पहिल्याच महिन्यात मस्टरवरची दोन नावं यादीत नव्हती. दोघंही नवीन लागलेले, दोघंही ग्राइंडरवर. बिल अडलं, आठवड्यात नावं चढली.

त्याबरोबर टाईम ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता लागला. माणूस गेला तर, आजारी पडला तर, बाळंतपण असेल तर कुठला कागद, कुठे. आजारपणात ईएसआय सरासरी रोजाच्या ७० टक्के देते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, हे त्या तक्त्यावरूनच अनेकांना पहिल्यांदा कळलं. जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीचे १२ रुपये कापतात, ते २०२४ मध्ये २५ झाले, आणि त्या मंडळाकडून मुलांना शिष्यवृत्ती मिळते हेही त्यावर आहे. कॅन्टीनमध्ये भाकरी करणाऱ्या एका बाईचा नवरा वारला होता, तो कुठल्याच कारखान्यात नव्हता; तिच्या दोन मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज याच टेबलावरून गेला. त्या योजनेत मुलामागे महिना २,२५० मिळतात. मंजुरीपर्यंत फंडातून महिना ३ हजार चालू आहेत.

आबांचा अर्ज

समितीपुढे आज जे प्रकरण पडलं आहे ते पुन्हा त्याच घरातलं आहे.

सून मुलांना घेऊन माहेराजवळ मिरजेला राहायला गेली. मुलीची शाळा, स्वतःला शिवणकाम, आणि आबांशी पैशावरून बोलणं तुटलेलं. ईएसआयच्या कायद्यात मृताची विधवा किंवा मुलं हयात असतील तर वडिलांना मासिक लाभात वाटा नाही. पीएफमध्ये आबा कुटुंबात होते, ईएसआयमध्ये नाहीत. दोन्ही कायदे केंद्राचेच, दोन्हींची कापणी एकाच पगारातून. आबांना हे समजावताना क्लार्कचा घाम निघाला. "पोरगा माझाच हुता न्हवं?" एवढंच ते विचारत राहिले. त्यांना मिळालेले १ लाख ३० हजार जुन्या बोअरच्या कर्जात गेले, तेही पाणी न लागलेल्या बोअरच्या.

आबांचं वय ६७. श्रावणबाळ योजनेत ६५ च्या वरच्या निराधाराला महिना १,५०० मिळू शकतात, पण उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१ हजारांच्या आत हवा. रेशनकार्ड अजून एकत्र आहे आणि त्यात सुनेचे महिना १२ हजार दिसतात. कार्ड वेगळं करायचं तर सुनेची सही लागेल.

समितीत तिघांचं म्हणणं, फंडाचा नियम स्पष्ट आहे: हक्काचं मिळेपर्यंत मदत, तेव्हा दाखला होईपर्यंत आबांना महिना दीड हजार सुरू करा. दोघांचं म्हणणं, १ लाख ३० हजार घेऊन झालेल्या माणसाला दिले तर पुढच्याला नाही कसं म्हणणार. ठेकेदाराच्या माणसांचा प्रतिनिधी म्हणतो, आधी रेशनकार्डाचं बघा, पैशाचं नंतर. पॅकिंगमधली बाई मिरजेला जाऊन सुनेशी बोलायला तयार आहे, मात्र तिची अट आहे की आबांनी एकदा नातवंडांना भेटायला स्वतः यावं. आबांनी अजून हो म्हटलेलं नाही. पुढची बैठक महिन्याच्या दहा तारखेला, पगारानंतर.